चंद्रीला लागलेली इंग्रजी नजर

बडनेरा, रविवार
(खोली मित्राची, संघपालची, कागद संघपालचा, राग माझा)

तीर्थरूप सुभद्राकाकू,

पातूरकडे तोंड करून, चप्पल काढून, गोवर्धनचा वाकून नमस्कार. (चप्पल काढली हे मुद्दाम लिहिलं. हल्ली माझ्या चपलेवर लोकांचं फार लक्ष असतं. त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधता की डॉक्टरनं दिलेला पट्टा लावता? दोन्ही एकावर एक बांधू नका. मागच्या खेपेला तुम्ही तसं केलं आणि पाय वाकेना म्हणून तुम्हाला खुर्चीसकट आत न्यावं लागलं होतं. पुंजारामकाकांचा खोकला बसला असेल. तुमची लाल गाय व्याली का? (व्याली असेल तर दूध किती देते ते मला कळवू नका. अजिबात कळवू नका.) इकडे मी सुखरूप आहे असं लिहायची रीत आहे, पण रीतभात पाळून माझं काय झालं ते पाहता आता खरं तेच लिहितो. मी सुखरूप नाही. मी संतापलेलो आहे.

परवा तुमच्या नितेशचा फोन आला. आधी थंडीचं बोलला, मग तुरीचं बोलला, मग घसा खाकरून म्हणाला, "गोवर्धन, माय म्हणे साखरपुड्याले तू नको येऊ. पोरीवाल्यायले चालत नाही." एवढं बोलून त्यानं रेंज गेल्याचं सोंग केलं. रेंज गेलेला माणूस "हॅलो, हॅलो" करतो, हा "रेंज गेली, रेंज गेली" करत होता. मी लगेच तुम्हाला लावला. तुम्ही म्हणाल्या, "भाकरी टाकून राहिली मी," आणि ठेवून दिला. काकू, भर दुपार होती. जेवणं होऊन भांडी पालथी पडायच्या वेळी तुम्ही भाकरी टाकता हे मी जन्मात पाहिलं नाही. म्हणून पत्र लिहितो. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. पत्रात मी बोलतो आणि तुम्हाला चष्मा लावून शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

पहिलंच स्पष्ट करतो की मला साखरपुड्याला यायचं नाही. बोलावलं तरी येणार नाही. तिथल्या जेवणाचा, मांडवाचा किंवा त्या घरातल्या कोणत्याही माणसाचा मला मोह नाही. पण माझ्या नावावर जो ठपका बसला तो पुसला पाहिजे. आपल्याकडे एखाद्याला चोर म्हटलं तर चालतं, तो चार वर्षांनी सरपंच होतो. पण एकदा का "याची नजर वाईट" असं झालं की संपलं. त्यात माझ्यासारखा माणूस. मला ना घर, ना दार, ना एका जागी बसायची सवय. एकाकडे जेवतो, दुसऱ्याकडे झोपतो, तिसऱ्याच्या गाडीवर बसून चौथ्या गावाला जातो. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर चाललेलं आहे, आणि उंबऱ्याच्या आत घ्यायलाच लोक बिचकले तर मी जाऊ कुठे? मागच्याच आठवड्यात आत्याच्या सागरच्या पोराचं अमरावतीला बारसं झालं. मला बोलावलं होतं, नाही असं नाही. पण मी दारात दिसलो आणि पाळणा उचलून आतल्या खोलीत गेला. पाळणा, काकू. चार बायांनी मिळून उचलला. मला पेढा दारातच दिला आणि सागर म्हणाला, "पोरगं झोपलं हाये." आतून पोरगं ढोल वाजवल्यासारखं रडत होतं.

आता मुळाकडे येतो. तुम्हाला जे कळलं ते काकांकडून कळलं, आणि काकांचं लक्ष अंजनगावला पोचल्यापासून ताटाकडे होतं. (वाईट वाटून घेऊ नका, ताट होतंच तसं.) तुम्ही स्वतः गुडघ्यामुळे आल्या नाही. म्हणून घडलं तसं सांगतो. मला तिथे पाठवलं कोणी? तुम्हीच. तुम्हीच म्हणाल्या, "नितेश मुका हाये, तू संगं जाय, चार गोष्टी बोल." म्हणजे माझी नेमणूकच बोलायची होती. बोलायला पाठवलेल्या माणसाला बोलला म्हणून शिक्षा, हा न्याय मी कुठे पाहिला नाही. मी मोबाईलच्या दुकानात होतो, कापसाच्या जिनिंगात होतो, चिखलदऱ्याच्या एका रिसॉर्टात होतो. सगळीकडून मला काढलं हे खरं, पण दर वेळी न बोलल्याबद्दल किंवा न आल्याबद्दल काढलं. सांगितलेलं केलं म्हणून कोणी काढलं नव्हतं.

तर काका, नितेश, मध्यस्थ बाबूजी आणि मी असे आम्ही अंजनगाव सुर्जीला पोचलो. पानमळे मागे टाकले की लगेच त्यांचं घर. समोरच्या खोलीत सतरंजी. तिथून दारातून सरळ गोठा दिसतो आणि गोठ्यात चंद्री दिसते. चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. अंगानं डांबरासारखी काळी, कपाळावर पांढरा चांद, शिंगं अशी वळलेली की कोणी बसून वळवली असावीत. आपली होणारी सून आकांक्षा पोहे घेऊन आली. बाबूजींनी तिला शिक्षण विचारलं, तिनं सांगितलं. तिच्या आईनं, म्हणजे जयवंताबाईंनी, नितेशला काही विचारलं. नितेश स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मग कोणीच काही बोलेना. काकांच्या चावण्याचा तेवढा आवाज. जयवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुमचे शब्द मला आठवले.

आता मी काय बोलणार होतो? मुलगी चांगली आहे म्हणावं, तर नवरा मी नाही. पोहे चांगले आहेत म्हणावं, तर काकांना आणखी वाढतील आणि आम्ही तिथेच मुक्कामाला राहू. घर चांगलं आहे म्हणावं, तर यांना वाटेल मुलाकडचे विटा मोजून राहिले. उरली म्हैस. आणि म्हैस खरोखर बघत राहावं अशी होती. पण काकू, मी काही काल जन्मलो नाही. दुभत्या जनावराचं धन्यासमोर कौतुक करायचं नसतं हे मला ठाऊक आहे. "बरी हाये" म्हणायचं, मान वळवायची, बाजूला थुंकल्यासारखं करायचं. दूध किती देते हे तर विचारायचंच नाही. त्यांच्या गोठ्याच्या चौकटीवर जुनी चप्पल टांगलेली होती, चंद्रीच्या गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात कवडी आणि बिब्बा. एवढा बंदोबस्त आमदाराच्या घरालाही नसतो. तेव्हा मराठीत बोलायची सोय नव्हती. हिंदीतही नव्हती, हिंदी नजरेला कळत असणार, अर्धी अमरावती हिंदीतच बोलते. मग मी डोकं चालवलं. (सगळ्यात मोठी चूक तीच.) मी म्हटलं, इंग्रजीत बोलावं. नजर आपल्या इकडची, ती कोणत्या कॉन्व्हेंटात गेली आहे? इंग्रजी शब्द तिच्या डोक्यावरून जाईल. कौतुकही होईल, म्हशीलाही धक्का लागणार नाही, आणि वरून मुलाकडचे शिकलेले आहेत असं दिसेल.

शब्दही माझ्याकडे तयार होता. चिखलदऱ्याला मी होतो तेव्हा एक बाई आठ दिवस राहायला आल्या होत्या. त्यांना धुकं दाखवलं की त्या म्हणत, "फॅसिनेटिंग." दरीत दगड टाकला की फॅसिनेटिंग. चहात माशी पडली तेव्हासुद्धा त्यांनी आधी तिच्याकडे वाकून पाहिलं आणि तेच म्हणाल्या. त्यांच्यामुळे मला तो शब्द फार सभ्य वाटत होता, इस्त्री केलेल्या शर्टासारखा. अंजनगावच्या त्या शांततेत मी तो घातला. गोठ्याकडे हात केला आणि म्हटलं, "तुमची चंद्री. फॅसिनेटिंग."

जयवंताबाई म्हणाल्या, "काय म्हणे हा?"

बाबूजी म्हणाले, "चांगलंच म्हणे. इंग्रजीत."

आणि आतल्या दाराच्या पडद्यामागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ती आकांक्षाची धाकटी बहीण प्राजक्ता. इंग्रजी घेऊन बी.ए. करते. (हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हसणं तेवढं ऐकू आलं. हे असंच मध्ये आलं, पुढे वाचा.)

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्री कोरडी. जयवंताबाई बादली घेऊन बसल्या आणि बादली वाजवून उठल्या. मग काय, जे सुरू झालं ते मला बाबूजींनी फोनवर सांगितलं. लिंबं झाली, धूर झाला, शिंगांना तेल झालं, शेजारच्या मैनाबाईंनी येऊन तिच्या कानात काहीतरी म्हटलं. संध्याकाळीही दूध नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी म्हणतो, कशी देईल? डोळ्यांपुढे धूर, कानात मैनाबाई, कोणती म्हैस पान्हा सोडेल? पण तिथे माझं कोण ऐकतं. जयवंताबाईंनी निरोप धाडला की मुलाकडच्यांचं पहिलं पाऊल पडलं आणि घरातलं दूध आटलं, आता म्हैस दूध देत नाही तोवर सोयरिकीचं बोलणं बंद. आणि जो इंग्रजी बोलला त्याला पाठवा. चपलेसकट.

आता नितेशचं लग्न माझ्या चपलेवर अडलेलं. नितेशनं मला फोन करून पहिल्यांदा जन्मात एवढी वाक्यं एकापाठोपाठ म्हटली. मी गेलो. का गेलो? नजर उतरवून घ्यायला नाही गेलो. बाजू मांडायला गेलो. अमरावतीला गिला वडा खाल्ला, एसटीत बसलो, आणि रस्ताभर मनात वकिलासारखं बोलत गेलो. शेजारचा माणूस दर्यापूरला उतरताना म्हणाला, "भाऊ, हातवारे कमी करा, मले दोनदा लागलं."

ओसरीवर सगळे बसलेलेच होते. मी उभ्या उभ्या सांगितलं की हा शब्द कौतुकाचा आहे, सभ्य आहे, विश्वास नसेल तर डिक्शनरी काढा. काकू, हे मी स्वतः म्हटलं. माझ्या तोंडानं म्हटलं. दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही याचा जो राग येतो तो निराळाच असतो. प्राजक्ता आत गेली आणि पाटावरवंट्याएवढी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसली. तिच्या कॉलेजात बक्षीस मिळालेली.

"वाच वं," जयवंताबाई म्हणाल्या. "काय लिवलं हाये?"

प्राजक्तानं बोट ठेवलं. "भुरळ घालणारं. मन ओढून घेणारं."

"पाहा," मी म्हटलं आणि कॉलर नीट केली. आता यात सांगा, कोणत्याही समजूतदार मुलीनं इथे पुस्तक मिटलं असतं की नाही? अर्थ मिळाला, पाहुण्याची अब्रू राहिली, चहा टाकायला उठावं. पण ही साबणाच्या वडीवरचे बारीक अक्षरातले घटकसुद्धा वाचणाऱ्यांपैकी आहे. तिचं बोट खाली सरकलं.

"अजून हाये," ती म्हणाली. "शब्द कुठून आला ते."

आणि तिनं वाचून मराठीत सांगितलं. हा शब्द मूळचा लॅटिन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मंत्र टाकणं, बांधून टाकणं, आणि तेही बहुतेक डोळ्यानं. म्हणजे सरळ भाषेत नजर लावणं. इंग्रजांनी घेतला तेव्हा त्यांच्याकडेही आधी हाच अर्थ होता. साप पाखराकडे एकटक बघतो आणि पाखरू उडायचं विसरतं असं ते लोक मानत, त्यालाही हाच शब्द. पुढे कधीतरी त्यातलं विष उतरलं आणि नुसतं मोहून टाकणं राहिलं.

मैनाबाई तुळशीकडे सरकल्या. जयवंताबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "मी काय म्हणून राहिली होती?"

काकू, जगात एवढे इंग्रजी शब्द आहेत. ब्युटिफुल होता, व्हेरी गुड होता, नाइस होता. नजरेला चुकवायला म्हणून मी साऱ्या इंग्रजीतून नेमका तो उचलला ज्याच्या पोटातच नजर बसलेली. मी त्या चिखलदऱ्याच्या बाईंना काय म्हणू? त्या आठ दिवस आमच्या धुक्याला नजर लावत होत्या आणि आम्ही त्यांना वर गरम पाणी देत होतो.

तरी मी हटलो नाही. मी म्हटलं, शब्दही म्हातारा होतो, त्याचेही दात पडतात, हा आता चावत नाही. हे मला तिथल्या तिथे सुचलं आणि चांगलं सुचलं असं मला अजून वाटतं. प्राजक्ता म्हणाली, "दात पडले असतीन, पण तोंड तेच हाये ना." आणि खाली बघून हसली. पडद्यामागचं तेच हसणं. मग पुढे वाचायला लागली की रोममध्ये नजर लागू नये म्हणून लेकरांच्या गळ्यात ताईत बांधत, लढाई जिंकून आलेल्या सरदाराच्या रथालाही बांधत. हे ऐकून जयवंताबाईंना रोमबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. (ट्रकवाले मागे जोडा टांगतात तसंच आहे हे. तिकडच्या बाया आणि जयवंताबाई एका बिरादरीच्या निघाल्या.) त्या ताइताचा आकार कसा असे हेही पुस्तकात दिलेलं होतं. तिथपर्यंत आल्यावर प्राजक्ताचा आवाज बसला, कान लाल झाले आणि पुस्तक मिटलं.

"कसा होता वं?" जयवंताबाई म्हणाल्या.

"दिवाबत्ती करायची हाये," ती म्हणाली आणि आत गेली. बाहेर टळटळीत ऊन होतं.

मग माझी चप्पल काढून घेतली. तिच्या तळाची माती चाकूनं खरवडली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, झाडूची काडी आणि माझी माती असं सगळं मुठीत घेऊन चंद्रीवरून ओवाळलं. मी अनवाणी, गोठ्याच्या दारात, आरोपीसारखा. चंद्री माझ्याकडे बघत होती. खरं सांगतो, त्या घरात माझ्याकडे माणसासारखं तिनंच पाहिलं. नंतर ते सगळं चुलीत टाकलं. तुम्हाला माहीत आहे, मिरच्या जळल्या की ठसका लागला पाहिजे. ठसका नाही लागला तर समजायचं नजर खरी होती. मिरच्या जळल्या. सगळे नाक पुढे करून उभे. कोणाला शिंकसुद्धा आली नाही. मी म्हटलं, मिरच्या सादळलेल्या आहेत. मी म्हटलं, वारा कुंपणाकडे वाहतो आहे. तेवढ्यात कुंपणापलीकडून मैनाबाई खोकल्या, म्हणजे वारा तिकडेच होता हे सिद्धच झालं. पण जयवंताबाई म्हणाल्या, "तिले दमा हाये."

आणि मग सर्वांत मोठा अन्याय. संध्याकाळी चंद्रीनं बादली भरून दूध दिलं. मला आधी वाटलं, सुटलो. पण उलटं झालं. दूध आलं नसतं तर नजर माझी नव्हती असं म्हणता आलं असतं. दूध आलं म्हणजे उतारा लागू पडला, उतारा लागू पडला म्हणजे नजर होती, नजर होती म्हणजे ती माझीच. त्या दुधाचा चहा मला दिला. मी प्यालो. काय करतो? चांगला होता. (कोणत्याही भाषेत काही बोललो नाही.)

चंद्री पहिल्या दिवशी कोरडी काऊन होती याचं खरं कारण मले माहीत हाये. (राग आला की मी वऱ्हाडीत येतो.) नजरेचा त्यात काही संबंध नाही. मला ते एका जाणत्या व्यक्तीनं सांगितलं, आणि मी कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला, म्हणून सांगत नाही. एवढं लक्षात घ्या की मी एक शब्द उच्चारून मेलो आणि एक शब्द पाळून मेलो. आणि आता सोयरीक जमली, म्हैस खूश, नितेशला बायको, काकांना ताट, आणि ज्याच्या चपलेच्या मातीवर हे सगळं उभं राहिलं त्यानं साखरपुड्याला यायचं नाही. ठीक आहे. नाही येत. त्या दिवशी मी इथे खोलीत बसेन आणि गाड्या बघेन. नितेशला माझा आशीर्वाद सांगा, फक्त तो मराठीत आहे हेही सांगा.

गुडघ्याला जपा. काकांना गोड कमी द्या. माझ्या बोलण्यात काही वाकडं आलं असेल तर ते तुमच्याच धाकट्या जावेच्या पोटचं आहे, तुम्ही लहानपणापासून सरळ करत आल्या, आणखी एकदा करा.

तुमचा, अजून तरी तुमचाच,
गोवर्धन

ता. क. ते कारण सांगून टाकतो, कारण तुम्ही ते काढून घेतल्याशिवाय राहणार नाही आणि फोनवर मला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी मी एसटी स्टँडकडे अनवाणीच निघालो तेव्हा प्राजक्ता मागून आली. माझी चप्पल माती खरवडताना उसवली होती, ती तिनं सुई-दोऱ्यानं टाचून आणली होती. म्हणाली, आम्ही बघायला गेलो त्या संध्याकाळी वगार, म्हणजे चंद्रीचं पिल्लू, बांधायचं काम तिचं होतं. बांधता बांधता तिला माझं ते "फॅसिनेटिंग" आठवलं, हसू आवरेना, दाव्याची गाठ नीट बसली नाही. रात्री वगार सुटली आणि सगळं दूध पिऊन गेली. "आईले नका सांगू," म्हणाली, "लग्नाच्या गडबडीत मले मारन." मी म्हटलं, नाही सांगणार. आता विचार करता लक्षात येतं की दूध माझ्या शब्दामुळेच गेलं. जयवंताबाई शंभर टक्के चूक नव्हत्या. पण हे त्यांना सांगू नका. प्राजक्ताचंही सांगू नका. अपराध माझ्याच नावावर राहू द्या, तो मला आता तेवढा टोचत नाही.

ता. क. दुसरा. मिरच्यांचं मी शास्त्रशुद्ध बघितलं. बडनेऱ्याच्या बाजारातून कडक वाळलेल्या मिरच्या आणल्या आणि मूठभर सरळ गॅसवर टाकल्या. सारी चाळ खोकली. संघपाल रेल्वेची ड्यूटी करून आडवा झाला होता, तो बनियनवर बाहेर पळाला. त्याच्या घरात तीन पिढ्यांत हे असलं कोणी मानलेलं नाही, त्यामुळे तो मला जे बोलला ते मनापासून बोलला. म्हणजे मिरच्या चांगल्या असल्या की ठसका लागतोच, हे सिद्ध झालं. मग त्याच पुडीतली दुसरी मूठ घेतली आणि, सहज म्हणून, आधी माझ्यावरून ओवाळली. गॅसवर टाकली. काकू, काही नाही. जळून कोळसा झाल्या, पण मला नाही, संघपालला नाही, कोणालाच ठसका नाही. त्यानं दारातून विचारलं, "गॅस संपला काय बे?" त्याचं म्हणणं असं की पहिल्या मुठीनंच आपली नाकं बधिर झाली होती. असेल. शिकलेला माणूस आहे.

पण तो आणखी एक म्हणाला, तेही लिहितो. म्हणाला, "तू एवढे दिवस एका जागी कसा रे?" मग माझ्या ध्यानात आलं. ते बारसं आणि मिरच्यांचा बाजार सोडला तर अंजनगावहून आल्यापासून मी या खोलीतून हललो नाही. खिडकीसमोरून मुंबईची गाडी जाते, हावड्याची जाते, भुसावळची पॅसेंजर तर थांबते, आणि मला उठून कुठेच जावंसं वाटत नाही. त्या पुस्तकातलं पाखराचं सारखं आठवतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. साखरपुड्याला बोलावलं तरी येणार नाही म्हणालो ते रागात म्हणालो. बोलावलं तर मी मागच्या रांगेत बसेन, गोठ्याकडे पाठ करून, मराठीतसुद्धा बोलणार नाही. आणि नाहीच जमलं, तर एवढं करा. तुम्ही अंजनगावला जाल तेव्हा प्राजक्ताच्या चपलेखालची चिमूटभर माती पदरात बांधून आणा, आणि जयवंताबाईंना एकीकडे घेऊन तिच्यासाठी माझं विचारा. तुम्हाला ते बोलणं जमतं. माती मला पाठवा. मिरच्या पाठवू नका.